हद्दवाढीतलं कुंपण

पाण्याची पाळी असली की आमच्या बोळात रात्र उरत नाही. साडेतीनला पहिली बादली वाजते, मग मोटारी घरघरतात, मग कुणीतरी खाकरतं आणि शेवटी तारेपलीकडून हाक येते, "वैनी, उठलाव का ओ?" न उठून सांगते कुणाला! सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे इथं शेजारधर्म टिकवायला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. बादली भरेपर्यंत बोलायचं, पिंप भरेपर्यंत भांडायचं आणि टाकी भरेपर्यंत समेट करायचा.

आमच्यात आणि अक्कांच्यात भिंत नाही, तार आहे. सिमेंटचे सात खांब आणि काटेरी तारेचे तीन पदर. त्यांच्या बाजूनं तारेवर टॉवेल वाळतात, आमच्या बाजूनं दोडक्याचा वेल चढतो. भिंत बांधायची तर आधी मोजणी हवी, मोजणीला कागद हवा, आणि कागदाचं नाव काढलं की अक्का विषय बदलतात. आज तो बदलू द्यायचा नाही, असं मी झोपेतच ठरवलं होतं.

थोडं मागचं सांगायला हवं. सोलापूरची हद्दवाढ झाली 1992 साली. तोवर शहर होतं सुमारे 33 चौरस किलोमीटरचं, ते एका फटक्यात 178 चौरस किलोमीटरचं झालं. बाळे, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, दहिटणे, आमची शेळगी अशी सगळी गावं आत आली. म्हणजे आम्ही जागचे हललो नाही, शहरच चालत आमच्यापर्यंत आलं. मागून गटार, दिवे, रस्ते येणार होते. ते आपल्या चालीनं येतायत.

शेतात पांढरी फक्की मारून गुंठे पाडलेले होते. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट. आम्ही घेतला 1999 ला. विकणाऱ्या माणसानं नकाशावर एका कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीनं बाग रंगवली होती. त्या बागेत आज दोन घरं आहेत, त्यातलं एक अण्णांचं. अक्का आल्या 2004 ला. त्याच नकाशातला शेजारचा गुंठा, शंभराच्या स्टॅम्पवर. आणि पाच वर्षांच्या या फरकानं तारेच्या अलीकडे एक कायदा लागला नि पलीकडे दुसरा.

गुंठेवारी नियमित करायचा कायदा महाराष्ट्रात झाला 2001 ला, आणि त्यात रेघ मारली होती 1 जानेवारी 2001 ची. त्याच्या आधीचे गुंठे पात्र, नंतरचे अपात्र. आम्ही पात्र निघालो. ह्यांनी पीएफमधनं पैसे उचलले, प्रशमन शुल्क भरलं, विकास शुल्क भरलं. माझ्या पाटल्या त्या वर्षी ज्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. पण घरी आलेला तो शिक्क्याचा कागद मी देवाच्या फळीवर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, हे खोटं का सांगू!

"ते हळदकुंकू मला आठवतंय की," तारेपलीकडून अक्का म्हणाल्या. एवढ्या पहाटेही त्यांच्या मांडीवर सूप होतं. भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याची गाठ. हाताकडे न बघता त्या विड्या वळतात. "आणि तुम्ही मला म्हणलेलाव, अक्का, तुमचं घर अनधिकृत आहे. त्या दिवशी मी रात्रभर रडले."

"मी असं म्हटलं नव्हतं."

"म्हणलाव की. कौतुकानं म्हणलाव."

मी पाइप दुसऱ्या पिंपात टाकला. म्हटलं असेन.

पुढची गंमत अशी की 2021 ला सरकारनं ती रेघ पुसली आणि नवी मारली, 31 डिसेंबर 2020 ची. म्हणजे अक्काही पात्र. मधल्या वर्षांत त्यांनी एक रुपया भरला नव्हता, घर तेवढंच होतं, उलट वर एक पत्र्याची खोली चढली होती. त्याखेरीज तुकडेबंदीचा त्रास होता. 1947 चा कायदा. शेतजमिनीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून केलेला, शेतकऱ्याच्या भल्याचा. पण शहर शेतात घुसल्यावर तो शेतकऱ्याला सोडून गुंठेवाल्यांच्या मानगुटीवर बसला. गुंठ्याची खरेदी नोंदवून घेत नव्हते, मग सातबाऱ्यावर नाव लागत नव्हतं, नाव नाही म्हणून बँक कर्ज देत नव्हती. 2017 ला सरकार म्हणालं, बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरा, तुकडा नियमित करून देतो. कोण भरणार? मग ते पाच टक्क्यांवर आलं. आणि 2025 ला तेही गेलं.

"म्हणजे बघा," अक्का विडी बांधत म्हणाल्या, "पहिले पंचवीस, मग पाच, मग काहीच नाही. थोडं आणि थांबलं तर सरकारच आपल्याला काही देईल की."

इथं अण्णांचा खोकला ऐकू आला. ते आमच्या बोळाचे गॅझेट. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर हक्काच्या पैशांसाठी इतकी वर्षं कोर्टकचेऱ्यांत बसले की आता कुठलाही सरकारी कागद त्यांना उलटा धरूनही वाचता येतो. हातात कळशी आणि काखेत कालचा पेपर, अशा थाटात ते तारेशी आले.

"अक्का, फुकट आहे ते दंड. स्टॅम्प ड्युटी फुकट नाही. शंभराच्या कागदावर घेतलंय ना? ते आधी रीतसर नोंदवा, मुद्रांक भरा, मग सातबाऱ्याला नाव लागेल. नुसतं बसून लागणार नाही."

"लागेल की ओ. बसूनच तर इथवर आलं."

यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते लागलं. आम्ही वेळेवर भरलं, पाटल्या घालवल्या. अक्कांनी वाट पाहिली. आज दोघींचं घर कायद्याच्या एकाच पायरीवर उभं आहे आणि त्यांच्या हातात पाटल्या आहेत. घरपट्टीचंही तेच. जो मार्चच्या आत भरतो त्याला पावती, जो चार वर्षं थकवतो त्याच्यासाठी शास्तीमाफीची अभय योजना. नावही काय, अभय! भिणारा कोण, तर वेळेवर भरणारा. हद्दवाढीत एक शहाणपण मुरलंय: घर आधी, रस्ता मग, परवानगी सगळ्यांत शेवटी, आणि पहिल्यांदा भरणारा तो येडा.

"येडं कोण ते चिमणीला विचारा," अण्णा म्हणाले.

चिमणी म्हटलं की सोलापुरात पक्षी कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची, 90 मीटर उंच, वीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी. होटगी रोडच्या विमानतळाच्या आड येते म्हणून कित्येक वर्षं वाद, आंदोलनं, कोर्ट. शेवटी बांधकामाला रीतसर परवानगी नव्हती या मुद्द्यावर महापालिकेनं 15 जून 2023 ला ती पाडली. काही सेकंदांत आडवी. त्या दिवशी अक्का मोबाइलवर तो व्हिडिओ बघून आमच्याकडे आल्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"तेव्हा मी म्हणलं, वैनी, एवढ्या मोठ्या कारखान्याची चिमणी परवाना नाही म्हणून पाडली. माझी पत्र्याची खोली किती वेळ?"

"आणि मग?"

"मग काय. पत्र्याला हिरवा रंग दिला. वरून झाडासारखं दिसतंय."

चिमणीमागे हजारो ऊस उत्पादक सभासद होते, त्यांचा राग अजून गेलेला नाही. पण विमान आलं हेही खरं. 9 जून 2025 ला गोव्याचं पहिलं उडालं. अण्णा म्हणतात, विमान चांगलंच, पण विमानातून उतरणाऱ्यालाही आंघोळीला पाणी चार दिवसांनीच मिळणार. उजनी धरणावरून सोलापूरपर्यंत 110 किलोमीटरची समांतर जलवाहिनी, रोजचं 170 दशलक्ष लिटर, ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकलीत की नातवाला पाढ्यांसारखी पाठ आहेत. केंद्रानं 2016 ला स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरं निवडली तेव्हा सोलापूर नवव्या नंबरावर होतं. त्या पैशातून इंद्रभुवनची इमारत उजळली, आणि छान उजळली, अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती वास्तू बघायला मी मुद्दाम रिक्षा करून गेले. पण स्मार्ट सिटी शेळगीपर्यंत यायची राहिली, एवढंच.

पाण्याचा जोर कमी झाला. अक्कांनी नळाला तोंड लावून ओढलं, तसं परत सुरू झालं. मग त्या एकदम म्हणाल्या, "बहीण म्हणलालीय, कुंभारीला ये."

मला वाटलंच होतं, आजची गप्प गप्प चाल याच्याचसाठी आहे.

त्यांच्या बहिणीला कुंभारीत रे नगरला घर मिळालंय. सोलापूरचा माणूस हे नाव नुसतं घेत नाही, त्यासोबत आकडा घेतो: तीस हजार घरं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया, फेरीवाले, अशा लोकांची. माजी आमदार नरसय्या आडम, ज्यांना अख्खं गाव आडम मास्तर म्हणतं, त्यांनी लाल बावट्याखाली हा हट्ट धरला. त्याआधी तिथंच गोदुताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार महिलांची दहा हजार घरं झाली होती. ती 2006 ला मनमोहनसिंगांच्या हस्ते दिली गेली. रे नगरच्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 ला नरेंद्र मोदींनी दिल्या आणि बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला, ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. लाल बावट्याचा मास्तर आणि दोन पक्षांचे दोन पंतप्रधान. सोलापूरच्या विडीत काय काय वळून बांधलं जातं बघा!

"घर कसं आहे पण?" मी विचारलं.

"तीनशे फूट. फरशी आहे, संडास आत आहे, भिंत सरळ आहे. बहिणीचं नाव आहे कागदावर, नवऱ्याचं नाही नुसतं." हे शेवटचं वाक्य सांगताना अक्कांचा हात थांबला. "वैनी, तिच्या कागदावर शिक्का आहे ओ. माझं घर तिच्यापेक्षा मोठं आहे, पण शिक्का नाही."

"मग जाताय?"

"कसं जाऊ? नवरा तिचा सत्तर फूट रोडला लूमवर. पहाटे गाडी काढतो, रात्री पोचतो. पेट्रोलच किती. माझी मुलगी इथं नळाला पाणी नाही म्हणून भांडते, तिथं ती कुणाशी भांडेल? ओळखीचं तर पाहिजे की भांडायला."

अण्णा तेवढ्यात हळू आवाजात जे बोलले ते पेपरात छापायच्या लायकीचं होतं. "गंमत कळली का वहिनी? 1992 ला महापालिकेनं गावं आत ओढली, रान आत ओढलं. आणि शहरातल्या गरिबाला चांगलं घर मिळालं ते हद्दीच्या बाहेर. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात. तिथं ग्रामपंचायत."

हे मला कधी असं दिसलं नव्हतं. हद्दीच्या आत जागा नव्हती असं नाही. होती, पण तिच्यावर आधीच फक्की पडली होती आणि त्या फक्कीवर आपण सगळे बसलो होतो.

मग थोडा वेळ कुणी बोललं नाही. नळाचा आवाज आणि कात्रीचा. मग अक्कांनी दिराचं काढलं. त्यांचा धाकटा दीर टॉवेलच्या कारखान्यात आहे. एमआयडीसीचा विषय आला की आता बोळात आवाज खाली येतात. 18 मे 2025, रविवारची पहाट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाचं कुटुंब आणि कामगार, दोघंही तिथंच राहत होते. सोलापुरात हे नवं नाही. खाली माग, वर घर. पुढे दुकान, मागे स्वयंपाक. हातमागाच्या काळापासून इथं घर आणि कारखाना एकाच छपराखाली नांदले. पद्मशाली वाड्यांत मागाच्या खटखटीवर पोरं झोपली. पण हातमाग पेटत नव्हता असा. आता सुताचे गठ्ठे, मोटारी, वीज, आणि बाहेर पडायला एकच दार.

"दीर त्यानंतर महिनाभर कामावर गेला नाही," अक्का म्हणाल्या. "मग गेला. भूक लागल्यावर कोण दाराला मोजतंय."

इथं मात्र मी अक्कांचं ऐकून घेतलं नाही. वाट बघितली की दंड माफ होतो, हे ठीक. पण दुसरं दार, पाण्याची टाकी, अग्निशमनचा दाखला, यांच्या बाबतीत वाट बघायची नसते. तिथं अभय योजना नाही. कारखान्यात राहायला मनाई करणारा नियम मालकाला जाच वाटतो, अधिकाऱ्याला चिरीमिरी वाटतो आणि कामगाराला घरभाडं वाटतो, म्हणून तो तिघं मिळून मोडतात. हे मी जरा चढ्या आवाजात बोलले असणार, कारण पलीकडच्या घरातला दिवा लागला.

अण्णांनी विषय वळवला. अक्कांचा भाचा सकाळी इडलीची गाडी लावतो, त्याच्याबद्दल विचारलं. फेरीवाल्यांचा कायदा 2014 चा आहे. सर्वेक्षण करा, दाखला द्या, जागा आखून द्या आणि तोवर उठवू नका, असं त्यात लिहिलंय. भाच्यानं स्वनिधी योजनेचं दहा हजारांचं कर्ज घेतलं, फेडलं, पुढचंही घेतलं. म्हणजे सरकारच्या कर्जाच्या वहीत तो फेरीवाला आहे. मात्र रस्त्यावर त्याला कुठं उभं राहायचं ते अजून ठरायचंय. तो म्हणतो, अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा मी व्यापारी नसतो, आणि बँकेचा हप्ता येतो तेव्हा असतो. त्याच्या इडल्या चांगल्या असतात, शेंगाचटणी त्याहून चांगली. निवडणुकीच्या दिवसांत त्याच्या गाडीला चारही बाजूंनी उमेदवार टेकले होते.

ती निवडणूकही कशी! 2022 च्या मार्चपासून महापालिकेत प्रशासक. जवळपास चार वर्षं 102 नगरसेवकांपैकी एकही नाही. दिवा गेला तर सांगायचं कुणाला, हेच लोक विसरले. आणि मतदान आलं 15 जानेवारी 2026 ला, ऐन गड्ड्याच्या यात्रेत. इकडे सिद्धेश्वराचे नंदीध्वज, तिकडे स्लिपा. अक्कांनी दोन्हीकडे हात जोडले आणि दोन्हीकडे एकच मागितलं: पाणी.

"या पालिकेनं कधी तरी काही वेळेवर केलंय का ओ?" त्यांनी विचारलं.

अण्णांना हाच चेंडू हवा होता. कळशी खाली ठेवून ते ताठ झाले. "केलंय. वेळेच्या आधी केलंय. 6 एप्रिल 1930. तिकडे गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला. देशातली पहिली पालिका. कुणाचा परवाना होता? कुणाचाच नाही. पुढच्या महिन्यात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघे फासावर गेले 12 जानेवारी 1931 ला."

"म्हणजे पालिकेनंच विनापरवाना केलं होतं की!" अक्का हसल्या. विड्यांचं सूप हललं.

मीही हसले, पण एक बोलून ठेवते. त्या लोकांनी परवाना नाही म्हणून पत्र्याला हिरवा रंग दिला नव्हता. जे केलं ते सगळ्यात उंच जागी, सगळ्यांना दिसेल असं केलं, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं भरेपर्यंत थांबले नाहीत. अक्कांना हे तोंडावर म्हणाले नाही. वीस वर्षं ज्या बाईला आपण कौतुकानं अनधिकृत म्हटलं, तिला पहाटे पाच वाजता हुतात्म्यांचं उदाहरण देऊ नये एवढी अक्कल पाटल्या गेल्यावर आलीये.

त्याऐवजी म्हटलं, "अक्का, ह्यांना घेऊन जा. स्टॅम्पचं काय ते एकदा विचारून या. पैसे कमी पडले तर बघू."

त्यांनी पान कापता कापता मान हलवली. हो का नाही, ते कळलं नाही. मग म्हणाल्या, "आणि नावं? दोघांची लावतात का? बहिणीसारखं?"

"लावतात."

"मग बघते." आणि लगेच, "वैनी, तुमची टाकी वाहलालीय!"

धावत गेले. अर्धं अंगण ओलं. पाच चाळीसला पाणी गेलं. अण्णांची कळशी तशीच रिकामी राहिली होती, ती मी माझ्या पिंपातून भरून दिली.

मोजणीचा अर्ज मी त्याच दुपारी भरला. लगतधारक म्हणून अक्कांचं नाव घालता येईना. सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचं नाव आहे, तेच लिहावं लागलं. तो वारून अकरा वर्षं झाली.